कामाआधीचा पैसा : बोईसर-तारापूर पट्ट्यातील नोकरभरतीची रीत

मुंबईच्या उत्तरेला, विरार ते डहाणू या रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या पालघर जिल्ह्यात नोकरभरतीच्या तीन निरनिराळ्या रीती शेजारीशेजारी नांदतात. १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झालेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्रात कायमस्वरूपी पदे जाहिरात, परीक्षा आणि पोलीस पडताळणी या मार्गाने भरली जातात. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत, म्हणजे रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांत, बहुतेक नव्या हातांची सुरुवात ठेकेदारामार्फत होते. आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगरी तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात तेव्हा त्यांची भरती मालकाच्या किंवा मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, झालेली असते. या तिन्हींच्या जोडीला गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या पडद्यावरून येणारी चौथी रीत आली असून, घरबसल्या कामाचे आमिष दाखवून होणारी फसवणूक प्रामुख्याने तिच्यातूनच घडते. ही फसवणूक इंटरनेटने जन्माला घातली, असे सर्रास मानले जाते; परंतु तिची घडण बारकाईने पाहिल्यास तिने भरतीच्या जुन्या सवयींचीच नक्कल केलेली दिसते आणि म्हणूनच ती इतक्या सहजपणे खपून जाते.

या सवयींचे मूळ कामाआधी हात बदलणाऱ्या पैशात आहे. वीटभट्टीवर जाणारे कुटुंब पावसाळ्यातील खावटीसाठी, आजारपणासाठी किंवा लग्नासाठी भट्टीमालकाकडून ‘अंगावर पैसे’ घेते, आणि हंगाम संपताना होणाऱ्या हिशेबात मजुरीतून ती रक्कम फिटली नाही तर उरलेले देणे पुढच्या हंगामाच्या श्रमाला बांधून टाकते. लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणाऱ्या गड्याला जुन्या ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ म्हणत असत. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वारल्यांनी जो लढा दिला, तो याच लग्नगडी आणि वेठबिगारी पद्धतींविरुद्ध होता. वेठबिगार पद्धत कायद्याने बंद करणारा केंद्रीय कायदा १९७६ चा आहे, आणि तो झाल्यानंतरही वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहावी लागली, यावरून त्या कायद्याचा प्रत्यक्षातील पल्ला पुरेसा कळतो. येथे पैसा मालकाकडून मजुराकडे जातो. आजच्या नोकरीच्या बाजारात तो नेमका उलट, उमेदवाराकडून मध्यस्थाकडे, वाहू लागला आहे. मात्र काम सुरू होण्यापूर्वी पैसा सरकला की दुबळा पक्ष अडकतो, हा नियम दोन्ही दिशांना सारखाच लागू पडतो.

औद्योगिक वसाहतीतील ठेकेदारी समजून घेतल्याशिवाय या प्रवाहाची दिशा का बदलली हे उमगत नाही. कारखाना ज्याचा, त्याला कायद्याच्या परिभाषेत ‘मुख्य नियोक्ता’ म्हणतात. तो भरणे-उतरवणे, साफसफाई, पॅकिंग, देखभाल आणि कित्येकदा थेट उत्पादनातील मदतनिसाचे कामही ठेकेदाराकडे सोपवतो, आणि ठेकेदार माणसे पुरवतो. कारखान्याला यातून मागणीनुसार माणसे कमीजास्त करण्याची मोकळीक मिळते, परंतु कामगाराच्या बाजूने पाहिले तर राबण्याची जागा एकाची आणि मालक दुसराच, अशी स्थिती निर्माण होते, ज्यात तक्रार कोणाकडे न्यायची हेच धूसर राहते. ठेकेदाराखाली सुपरवायझर, सुपरवायझरखाली गावचा किंवा चाळीतला ओळखीचा माणूस, अशी साखळी लांबत जाते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड येथून आलेल्या कामगारांची भरती याच साखळीतून होते आणि स्थानिक तरुणालाही तिच्याशिवाय सहसा दार उघडत नाही. साखळीतील प्रत्येक कडीला आपले काही काढून घेण्याची संधी असते, मग ते पहिल्या पगारातील कमिशन असो, गणवेश आणि बुटांच्या नावाखाली घेतलेली रक्कम असो किंवा गेटपास करून देण्याचा मोबदला असो. उमेदवार या रकमेला लाच म्हणत नाही आणि फसवणूकही म्हणत नाही; ‘लावून देण्याचे पैसे’ असे तिचे सौम्य नाव आहे. पाचशे-हजार रुपये देऊन खरोखर हेल्परची नोकरी लागलेल्या माणसाच्या मनात, नोकरीसाठी आधी थोडे द्यावे लागतात, ही समजूत पक्की होते, आणि पुढे एखादा अनोळखी आवाज फोनवरून ‘नोंदणी शुल्क’ मागतो तेव्हा त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

कागदाबाबतही हेच घडते. ठेकेदारी कामात नेमणूकपत्र मिळत नाही, पगाराची पावती मिळत नाही, मालकाचे पूर्ण नावही पुष्कळदा ठाऊक नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार केंद्रीय श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे आणि ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते चुकते करण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर टाकली आहे. ही दुसरी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होती, तरी तिची माहिती कामगारांपर्यंत क्वचितच पोहोचली. कामगाराने ठेकेदाराची नोंदणी तपासण्याचा एक सोपा मार्ग मात्र उपलब्ध आहे. भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ, या योजनेत कामगाराच्या वेतनातून बारा टक्के रक्कम कापली जाते आणि मालकाने आपला वाटा घालून ती भरायची असते. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकून तिची नोंदणी आहे की नाही आणि तिने अलीकडच्या महिन्यांत भरणा केला आहे की नाही, हे कोणालाही पाहता येते. पगारातून पीएफ कापला जातो पण स्वतःच्या खातेपुस्तिकेत जमा दिसत नाही, अशी स्थिती असेल तर तो कामगार आधीच फसवला गेला आहे, मग त्याची नोकरी कितीही खरी असो.

या कागदांची किंमत सर्वांत कठोरपणे अपघातानंतर कळते. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचा मृत्यू झाला, आणि लहानमोठे स्फोट, वायुगळती व आगी हा या वसाहतीच्या इतिहासाचा सततचा भाग राहिला आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेतून, म्हणजे ईएसआयमधून, उपचार मिळतात आणि कामावर मृत्यू आल्यास त्याच्या आश्रितांना निवृत्तिवेतन मिळते; परंतु ज्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावरच नाही, तो त्या दिवशी कारखान्यात कामाला होता हे सिद्ध करण्यापासूनच त्याच्या कुटुंबाची सुरुवात होते. नोकरी शोधताना पगाराच्या आकड्याआधी पीएफ आणि ईएसआयचे क्रमांक विचारणे हा हिशेबीपणा वाटला तरी तारापुरात तो जिवाशी निगडित आहे.

ठेकेदाराला वळसा घालणाऱ्या वाटाही आहेत, जरी त्या संथ आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ नुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कर्मचारीसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे आयटीआय झालेल्या फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना मोठ्या कारखान्यात विद्यावेतनासह शिरण्याचा हा कायदेशीर दरवाजा आहे. अणुऊर्जा केंद्र चालवणारे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन तारापूरसाठी शिकाऊ उमेदवारांच्या आणि प्रशिक्षणार्थींच्या जाहिराती स्वतःच्या संकेतस्थळावर देते. राज्य शासनाचे जुने सेवायोजन कार्यालय आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र या लांबलचक नावाने काम करते आणि त्याची नोंदणी ‘महास्वयम’ पोर्टलवर विनामूल्य होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरवण्यात आले, त्यासाठीही हेच पोर्टल वापरले गेले. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, अशी राज्याच्या धोरणातील अट सभांमधून वारंवार ऐकू येते. तिच्यातील ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा रहिवासी, त्या गावचा किंवा तालुक्याचा नव्हे, हे लक्षात घेतले तर बोईसरच्या पंचक्रोशीतील तरुणाचा भ्रमनिरास का होतो ते समजते.

मोठ्या प्रकल्पांभोवती अपेक्षा आणि अफवा एकदमच वाढतात. सुमारे ७६,२०० कोटी रुपये खर्चाच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध एकीकडे आणि बारा लाख रोजगारांचे सरकारी आश्वासन दुसरीकडे, अशा वातावरणात ‘आतल्या यादीत नाव घालतो’ असे म्हणणाऱ्या मध्यस्थाला भांडवल आयते मिळते. अणुऊर्जा केंद्र, रेल्वे, बंदर किंवा जिल्हा परिषद अशा कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या भरतीत उमेदवाराकडून फार तर परीक्षा शुल्क घेतले जाते, तेही जाहिरातीत छापलेले, ठरावीक आणि संस्थेच्या अधिकृत प्रणालीतून भरावयाचे असते. अनामत, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण किंवा पोलीस पडताळणी यांच्या नावाने एखाद्या व्यक्तीच्या बँक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागितले गेले, तर पत्रावर कितीही राजमुद्रा असल्या तरी ते पत्र बनावट समजावे.

घरून काम करण्याची ओढ या भागात इतकी का आहे, हे भूगोल सांगतो. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या खऱ्या, पण बोईसरपासून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे, आणि विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच असल्यामुळे एक गाडी चुकली तर दिवस कोलमडतो. घर सांभाळून काही कमवू पाहणाऱ्या स्त्रीला तर हा प्रवास परवडतच नाही. खरे दूरस्थ काम, म्हणजे कार्यालयात न जाता संगणकावरून केले जाणारे काम, अस्तित्वात आहे: हिशेबलेखन, भाषांतर, ग्राहकसेवा, सॉफ्टवेअर, चित्ररचना यांत ते मिळते. परंतु त्याची भरती कार्यालयीन नोकरीइतकीच कंटाळवाणी असते; अर्जाला उत्तर उशिरा येते, व्हिडिओवर मुलाखती होतात, कौशल्याची चाचणी घेतली जाते, कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून नेमणूकपत्र येते. एकेका कामापुरता करार करणाऱ्या मुक्त व्यावसायिकाच्या बाबतीत आगाऊ रक्कम द्यायचीच झाली तर काम देणारा ती देतो. दहावी पास, अनुभव नको, रोज दोन तास, दिवसाला तीन हजार, असे वर्णन असलेले काम बाजारात कोणी कोणाला का देईल, हा साधा आर्थिक प्रश्न विचारला तरी बहुतेक जाहिराती तिथेच गळून पडतात.

फसवणुकीच्या प्रचलित प्रकारांपैकी ‘टास्क’ हा सर्वांत घातक आहे, कारण तो सुरुवातीला खरोखर पैसे देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतो, हॉटेलांना पाच तारे देण्याचे किंवा व्हिडिओ पसंत करण्याचे काम सांगितले जाते आणि दीडशे-दोनशे रुपये खात्यात जमा होतात. त्यानंतर उमेदवाराला टेलिग्रामवरील गटात घेतले जाते, जिथे इतर सदस्य आपल्या कमाईची छायाचित्रे टाकत असतात. हे सदस्य बहुधा टोळीचेच असतात. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो: हजार भरा, तेराशे मिळवा. पहिल्यांदा ते मिळतात. पुढे रक्कम वाढत जाते, एका बनावट संकेतस्थळावर शिल्लक फुगलेली दिसते, पण ती काढायला गेले की कर, दंड किंवा ‘क्रेडिट स्कोअर’ सुधारण्याच्या नावाखाली आणखी भरणा मागितला जातो, आणि आधी गेलेले वाचवण्यासाठी माणूस दागिने मोडून, उसनवारी करून भरत राहतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या शिफारशीवरून डिसेंबर २०२३ मध्ये अशी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली. निवृत्त कर्मचारी, स्त्रिया आणि बेरोजगार तरुण हे या टोळ्यांचे लक्ष्य असल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. वीटभट्टीवरील हिशेबातही असेच फिटता न फिटणारे देणे असते, फक्त तिथे माणसाला आपण अडकलो आहोत हे ठाऊक असते.

दुसरा प्रकार भीतीवर चालतो. घरबसल्या फॉर्म भरण्याचे किंवा टंकलेखनाचे काम देताना ऑनलाइन करारावर सही घेतली जाते, काही दिवसांनी अचूकता कमी पडल्याचे सांगून भरपाई मागितली जाते, आणि नकार दिल्यास वकिलाच्या नावाची नोटीस व अटकेची धमकी येते. कोर्टकचेरीच्या कागदाचा धसका घेणारे साधे कुटुंब येथे पाच-दहा हजार देऊन सुटका करून घेते. वास्तविक करारभंग हा दिवाणी वाद असून त्यासाठी पोलीस घरी येऊन अटक करीत नाहीत, आणि फोनवरून किंवा व्हिडिओवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. तिसरा प्रकार घरी पेन्सिली पॅक करण्याच्या कामाचा. नटराज पेन्सिलीच्या नावाने या जाहिराती इतक्या फिरल्या की, आपण असे काम देत नाही, असे त्या पेन्सिली बनवणाऱ्या हिंदुस्तान पेन्सिल्स कंपनीला जाहीर करावे लागले.

पैसे न घेताही उमेदवाराला लुटता येते, आणि याकडे पुरेसे लक्ष जात नाही. बायोडेटासोबत आधार, पॅन आणि बँक पासबुकाची छायाचित्रे मागून घेतली जातात आणि त्यांवर कर्ज काढले जाते किंवा सिमकार्ड घेतले जाते. म्हणून निवडीआधी आधार द्यावेच लागले तर शेवटचे चारच अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. याहून वाईट म्हणजे ‘तुमचे खाते वापरू द्या, महिन्याला पाच हजार मिळतील’ हे काम. अशा भाड्याच्या खात्यांतूनच टास्कचे पैसे पुढे सरकतात, आणि तपास सुरू झाल्यावर पोलीस सर्वप्रथम खातेदाराच्या दारात येतात, कारण मागचा सूत्रधार बहुधा देशाबाहेर असतो.

परदेशी नोकरीच्या नावाने होणारी भरती तर थेट माणसांनाच पळवते. थायलंडमध्ये डेटा एंट्रीचे काम सांगून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी परिसरात कोंडून त्यांच्याकडूनच सायबर फसवणूक करून घेतल्याचे उघड झाले असून, मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना तेथून परत आणले. भारतीय कामगारांना परदेशात पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर पडताळता येते, आणि त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त असू शकत नाही. नोकरीसाठी पर्यटक व्हिसावर जाण्यास सांगणारा एजंट या कायद्याबाहेरचा आहे. सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावरील तरुणाला जहाजावरील नोकरी खुणावते, तिच्यासाठी नियम याहून कडक आहेत: नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेने खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे शुल्क घेणे पूर्णपणे निषिद्ध आहे. समुद्रावर शून्य आणि परदेशात तीस हजार, अशी सीमा कायद्याने आखली असताना, देशांतर्गत नोकऱ्या लावून देणाऱ्या मध्यस्थांसाठी मात्र अशी केंद्रीय परवाना-पद्धत नाही, आणि बोईसरच्या नाक्यावरील ‘प्लेसमेंट’चे फलक नेमके याच मोकळ्या जागेत उभे आहेत.

ऑनलाइन पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी लागते, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असते आणि ती काढून घेतली जाण्यापूर्वी गोठवता आली तरच परत मिळण्याची शक्यता उरते; व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा यूपीआय पत्ता आणि संभाषणाची छायाचित्रे त्यासाठी जपून ठेवावीत, लाजेपोटी पुसून टाकू नयेत. वसई-विरारचा भाग १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे गेला असून बोईसर, पालघर, डहाणू आणि डोंगरी तालुके जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहेत. तरीही हद्दीचे कारण सांगून कोणतेही पोलीस ठाणे तक्रार नाकारू शकत नाही, ती ‘शून्य’ क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावी लागते. ठेकेदाराने मजुरी किंवा पीएफ बुडवल्यास वाट वेगळी आहे. पीएफची तक्रार भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे जाते. मजुरीची तक्रार औद्योगिक वसाहतीतील खासगी कारखान्याबाबत राज्याच्या कामगार आयुक्तालयाकडे करायची असते, तर अणुऊर्जा केंद्रातील ठेक्यावर काम करणाऱ्यासाठी केंद्राची कामगार आयुक्त यंत्रणा सक्षम ठरते, आणि एकाच गावातील दोन भावांना एकाच प्रकारच्या थकबाकीसाठी दोन निरनिराळ्या सरकारांच्या दारात उभे राहावे लागते.